भातशेतीचं कोडं

६ जुलै, रविवार

आजच्या शब्दकोड्याचा विषय — भातशेती! वाचूनच हसू आलं. अख्खा जन्म धानाच्या बांधीत गेला माझा, आणि हे मला विचारणार? आमचे हे आपल्या बियाण्यांच्या दुकानात निघाले होते. त्यांना सांगितलं, चहा संपायच्या आत पूर्ण करते. अचूक उत्तरं देणाऱ्यांच्या यादीत ‘चंद्रकला सेलोकर, पवनी’ दर रविवारी असतंच. सरळ पेनानं लिहायला घेतलं.

संध्याकाळ — नाही सुटलं. डोकं उठलं!

७ जुलै, सोमवार

उभा २. ‘सालीसकट तांदूळ, अक्षरं दोन.’ धान! दुसरं काय असणार? पण तो ‘धा’ आडव्या शब्दात बसतच नाही.

आडवा ८. ‘रोपं चिखलात लावण्याचं काम, अक्षरं तीन.’ रोवणी! लिहिलं. मग त्यातून खाली निघते पोळपाटाची जोडीदारीण — म्हणजे लाटणे. आणि पहिलं अक्षर ‘रो’! रोटणे? कोडं रचणाऱ्यानं जन्मात कधी पायाला चिखल लावलाय का? त्याला ‘लावणी’ हवी आहे, कळतं मला. पण शेतात रोवणी सुरू असताना लावणी लिहायला माझा हात होत नाही.

आणि आडवा ५! ‘बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा, अक्षरं तीन.’ अरे, बांधी! दोनच अक्षरं. तिसरं कुठून आणू? रोवण्याला येणाऱ्या बायाबाईला विचारलं. “बांधीले बांधीच म्हनतेत, अजून काय म्हनतीन?” बरोबरच आहे तिचं. छापणाऱ्याची चूक असणार.

सूनबाईनं, दामिनीनं, जाता जाता पेपरात डोकावलं. काही बोलली नाही. तशी ती आठवडाभर ‘हो आई’, ‘नाही आई’ याच्यापुढे जातच नाही. वीरेंद्र लग्न करून घेऊन आला तेव्हा घरभर हिचीच बडबड असायची. आता काय झालं, देव जाणे.

८ जुलै, मंगळवार

भाजी निवडता निवडता आठवलं आणि हात थांबला.

मागच्या आठवड्यात दामिनीला शेत दाखवायला नेलं होतं. बांधावर उभी राहून कौतुकानं म्हणाली, “आई, — काय तो तिचा शब्द — भरलं की पाण्यानं!” मावळातली पोर. त्यांच्याकडेही धान होतं, पण बांधीला तिकडे कायसा वेगळाच शब्द आहे. मी रोवणाऱ्या बायांसमोर म्हटलं, “हे काय असते वं? इथं मानसावानी बोलाव लागते!” साऱ्या खदाखदा हसल्या. मीही हसले. तिचं तोंड एवढंसं झालं.

त्या दिवसापासूनच गप्प आहे ती!

आणि आडवा ५ म्हणजे तोच शब्द! तिलाच येतो, आणि मला मेला आठवत नाही. आमचं हसणं तेवढं आठवतं.

९ जुलै, बुधवार

उत्तरं पाठवायचा शेवटचा दिवस. दोनदा स्वयंपाकघराच्या दारात गेले. ती पोळ्या लाटत होती. विचारायचं एवढंच — तुझा तो शब्द सांग बाई. पण ज्याला हसले तोच मागायचा? तोही सुनेकडे? तोंडातून निघालं, “भाजीत मीठ कमी टाकजो.”

“हो आई.”

संध्याकाळच्या गाडीनं माहेरी गेली. आखाड आहे, नवी सून जातेच माहेरी. पण बॅग केवढी मोठी! वीरेंद्रला विचारलं, केव्हा येणार? “ते तिलेच विचार न आई.” माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्यानं.

पेपर चुरगाळून फेकला. नाही पाठवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! चूक माझीच आहे आणि राग साऱ्या जगाचा येतोय.

११ जुलै, शुक्रवार

आज भाजी मीच खारट केली.

१३ जुलै, रविवार

पेपर उघडणारच नव्हते. ह्यांनीच पुढे केला — “आलं ना तुयं नाव!”

खरंच छापलंय! चंद्रकला सेलोकर, पवनी. पण मी तर पाठवलंच नव्हतं!

“सूनबाईनं जायच्या दिवशी दुकानातला रविवारचा पेपर मांगून नेला. भरला अन् फोनवरून धाडला तुया नावानं. आईले सांगू नका म्हने.”

खाली उत्तरं होती. आडवा ५ — खाचर.

फोन लावला. “हॅलो आई,” म्हणाली. मी विचारलं, “तुमच्याकडचं खाचर भरलं का वं पाण्यानं?”

मग जी सुरू झाली, ती थांबेचना!