अप्पांची एक चप्पल

अप्पा, मी सायकल घेतली. पन्नाशी उलटल्यावर हे काय खूळ, असं तुम्ही म्हणाला असतात आणि मग स्वतःच चाकात हवा भरून दिली असतीत. सकाळी आम्ही चारपाच बायका हिपरग्याच्या तलावापर्यंत जातो. तिथं पोचेपर्यंत माझ्या उजव्या पायाची बोटं बधिर व्हायची. आधी मुंग्या, मग काहीच नाही. पाय पेडलवर आहे का, हे खाली वाकून बघावं लागायचं. आम्हाला शिकवणाऱ्या शेजारच्या पोरीनं शेवटी मला रस्त्याकडेला थांबवलं. "काकू, बूट लई आवळलाय की तुमी! आणि पाऊल मधोमध कशाला टेकवताय? चवडा ठेवा पेडलवर." तिनं नाडी सैल केली, बूट एक नंबर मोठा घ्यायला लावला, जड गिअरवर रेटायचं नाही आणि मधूनमधून बोटं हलवायची, असं बजावलं. थोड्याच दिवसांत माझा पाय ताळ्यावर आला. पण जाताजाता ती म्हणाली होती, "उतरल्यावर पण बधिरच राहिला तर डॉक्टरला दाखवा हां. मग नुसता बुटाचा दोष नसतो."

तेव्हा मला तुमची चप्पल आठवली. कित्येक वर्षांपूर्वीची ती दुपार: मी माहेरी आलेय. मार्केट यार्डातल्या आपल्या ज्वारीच्या दुकानातून तुम्ही दुपारचे जेवायला येता, सायकल स्टँडला लावता, पायरी चढता आणि आई ओरडते, "अवो, दुसरी चप्पल कुटं हाय?" तुम्ही खाली बघता. एक पाय अनवाणी. "हितंच तर होती की," तुम्ही म्हणता. आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात, पण जरा उशिरा.

ती गोष्ट मी किती लग्नांत, किती बारशांत सांगितली असेल! "हितंच तर होती की," अगदी तुमच्या आवाजात. त्या दुपारनंतर तुम्ही सायकल सोडलीत. पाय सटकतो, एवढंच म्हणालात, आणि मी त्याला आळस म्हटलं. पुढे टाचेला जखम झाली, ती तुम्हाला कळलीच नाही. अंगात साखर किती जुनी मुरलीय ते दवाखान्यात समजलं, तोवर फार उशीर झाला होता. दर खेपेला मी तुमच्या पाया पडत होते, अप्पा. पण पाया पडताना दोन बोटं लागतात आणि हात लगेच कपाळाला जातो. पाय गार पडलेत का, माझी बोटं तुम्हाला कळतायत का, हे विचारण्याइतकी मी कधी थांबलेच नाही. स्वतःच्या पायासाठी मात्र लगोलग नवे बूट आणले. फार लाज वाटते.

म्हणून ठरवलं होतं, आता कुणी ती गोष्ट विचारली तर खरं काय ते सांगायचं. परवा भाचीच्या साखरपुड्यात पोरं भोवती जमली. त्यांतल्या कुणीच तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमच्याबद्दल त्यांना ती एवढी गोष्टच ठाऊक आहे. "आत्या, आजोबांच्या चपलेची गोष्ट सांग की!"

मी सांगितली. नेहमीसारखीच, तुमच्या आवाजासकट. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय: मलाही हसू आलं.