कंगोऱ्याची गोगलगाय

३ फेब्रुवारी

ती. आत्येस सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं की पाळलेल्या तिन्ही गोगलगायींच्या शंखाचा कंगोरा गेलेला दिसला. तसं नाही. एकीचाच दिसला, उरलेल्या दोघींचा नुसता वाटला. शाळेत घालायच्या आधी तू जेवणाच्या टेबलावर मला शिकवायचीस तेव्हा प्रत्येक उत्तरावर विचारायचीस, दिसलं की वाटलं? त्या टेबलावर हे उत्तर खपलं नसतं. पत्र टाकल्यापासून जिवाला चैन नाही.

घाईत मी अर्धंच लिहिलं होतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. प्रयोगशाळेतली ताई माझ्या दोन वर्षं पुढे आहे; मी राहते ती खोली तिच्याच वाट्याची अर्धी. तिनं टेकडीच्या उतारावरून बारीक गोगलगायी आणल्या. शंखाच्या कडेला चांगला हाताला लागेल असा कंगोरा. तिथली नेहमीची गोगलगाय गोल, गुळगुळीत, शंखाच्या तोंडाशी जाड ओठ असलेली. आमच्या दोघींच्या मार्गदर्शक सरांनी भिंगाखाली पाहिलं आणि सांगितलं, ही नवी जात. ताईच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच. एका संग्रहालयानं तिला नोकरी देऊ केली आहे, तीही या प्रबंधाच्या भरवशावर.

सगळे नमुने अल्कोहोलमध्ये गेले. तीन मी जिवंत ठेवल्या, कारण बाटलीत टाकायला हात धजेना. ताई हसली. या प्रयोगशाळेत शंख कमी आणि शंका जास्त, असं म्हणून तिनं माझं नाव शंकाबाई ठेवलं. आता सरही तीच हाक मारतात.

तर त्यातली एक वाढली. शंखाचा नवा वेढा गोल आलाय आणि तोंडाशी ओठ धरू लागलाय. आत्या, ही नवी जात नाहीच, जुन्याच गोगलगायीची पोरं आहेत, असं मला वाटतं. (वाटतं, असंच लिहिलंय.) ताई २१ तारखेला प्रबंध देणार. एकीवरून तोंड उघडावं का? सर मला काय म्हणतील याचीही भीती आहे, ती लपवत नाही.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. तुझा लोभ आहे म्हणून हे सगळं तुझ्या गळ्यात घालते.

तुझी,
खार

८ फेब्रुवारी

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या बाबाच्या हाती लागू दिलं नाही, नाहीतर तो पुढच्या गाडीनं तिथं हजर झाला असता आणि सरांना गोगलगाय म्हणजे काय ते शिकवत बसला असता.

एक गोगलगाय म्हणजे एकच गोगलगाय. तू तिला काकडी घालतेस असं मागे लिहिलं होतंस. टेकडीवर काकडी कोण चिरून देतं गं तिला? लाडानं फुगली असेल. तू लहानपणी मामाकडे महिनाभर राहून आलीस तेव्हा तुलाही आम्ही ओळखलं नव्हतं.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय. तुझं पुढचं सगळं त्याच सरांच्या सहीवर आहे. त्यांना तोंडावर चूक दाखवणारी मुलगी त्यांना किती दिवस चालेल? तू गप्प राहिलीस तर खोटं बोललीस असं होत नाही. हे मी लिहितेय, तुला खरं बोलायला शिकवणारी, याची मला लाज वाटते आहे. पण खोडत नाही. तुला माझी भीतीही कळू दे.

वेळेवर जेव. रागावलीस तरी पत्र पाठव, रागाचंही चालेल.

तुझी आत्या

१४ फेब्रुवारी

ती. आत्येस सा. न. वि. वि.

रागावले नाही. काकडीची शंका मलाही आली होती, म्हणून दुसरीला आधीपासून वेगळ्या बरणीत, टेकडीवरून आणलेल्या कुजक्या पानांवर ठेवली होती. तिचाही नवा वेढा गोलच आलाय. हे दिसलं. तिसरी आहे तशीच आहे.

गेल्या शुक्रवारी खोलीवर आले तर पहिल्या बरणीचं झाकण सैल आणि गोगलगाय गायब. ताई खाटेवर वाचत पडली होती. माझ्या मनात काय आलं ते लिहायला नको. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. काल गोगलगाय पडद्याच्या मागे सापडली. जेवताना ताई आपणहून म्हणाली, बरणीत कोंदट वाटलं म्हणून तिनंच झाकण उघडलं होतं, पुन्हा घट्ट बसवायला विसरली. तिनं शंखाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. सरांनी एकदा सांगितल्यावर तिला पुन्हा बघायचं कारणच उरलं नाही.

मग ती म्हणाली, प्रकरणाच्या पहिल्या पानावरचं चित्र तू काढ, तुझा हात स्थिर आहे, शुक्रवारपर्यंत दे. मी हो म्हणाले. तेव्हापासून कागद समोर आहे. कंगोरा जसाच्या तसा काढीन, चित्रात कुणाला खोट सापडणार नाही, आणि त्याच्याखाली जे नाव छापलं जाईल त्या नावाचा प्राणी जगात नसेल. आत्या, चित्र काढून मी गप्प कशी राहिले म्हणायची?

सरांकडे आधी जाणार नाही. ताईला सांगणार, दोन्ही बरण्या पुढे ठेवून. मग सरांना तिनं सांगायचं की आम्ही दोघींनी, ते तिचं तिनं ठरवावं. आत्ता प्रकरण काढलं तर तिचं वर्ष जाईल, कदाचित नोकरीही तिच्यासाठी थांबणार नाही. छापून आल्यावर परक्या कुणी दाखवलं तर नाव जाईल. यातलं कमी वाईट कोणतं हे मला कळतं, पण ते तिच्या तोंडावर म्हणायचं आहे. ती मला पुन्हा शंकाबाई म्हणेल की नाही, माहीत नाही.

तुझी भीती कळली. माझ्यावरची माया तेवढी ढळू देऊ नकोस.

तुझी,
खार

ता. क. ताईला सांगायचा दिवस लिहायचा राहिला. लिहिला नाही तर पुढे ढकलेन, मी मला ओळखते. गुरुवार, १७ फेब्रुवारी, सकाळी सर यायच्या आधी.