तीन फुटांची वाट

खोडाळा,
ता. ३ जुलै २०२४

चि. रुचिरास बाबांचे अ. उ. आ.

तू पाठवलेलं गवत कापायचं यंत्र काल मिळालं. कुरिअरवाला खोडाळ्यापर्यंत येत नाही, जव्हारला धर्मेंद्रच्या मोबाइलच्या दुकानात ठेवून गेला. मी सकाळच्या एसटीने जाऊन घेऊन आलो. खोकं जवळजवळ माझ्या उंचीचं. गाडीत जो तो विचारायचा, गुरुजी, हे काय? मीही हौसेने सांगत होतो की बॅटरीवर चालतं, पेट्रोल नको, दोरी ओढायला नको, धूर नाही, लेकीने ठाण्याहून पाठवलंय. मोखाडा येईपर्यंत अर्ध्या गाडीला तुझं कौतुक सांगून झालं.

घरी येऊन खोकं उघडलं. दांडा आहे, पट्टा आहे, गॉगल आहे, सात भाषांतली पुस्तिका आहे. बॅटरी नाही. चार्जरही नाही. तुझ्या आईचा चष्मा लावून पुस्तिका वाचली, तेव्हा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सापडलं की बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे. विमा कंपनीत बसून तू दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला सांगतेस ना?

इथे गवत गुडघ्याच्या वर गेलं आहे. शेजारच्या मंगळूच्या शेतात भाताची आवणी चालू आहे, घरचे सगळे चिखलात, त्याला कुठल्या तोंडाने बोलावू? जुन्या पेट्रोलच्या यंत्राची दोरी ओढली की माझा खांदा रात्रभर ठणकतो. आणि तुझी आई. गेल्या ऑगस्टात भाजीच्या वाफ्याशी तिला फुरसं चावलं, त्या सापाच्या धसक्याने ती ओट्याची पायरी उतरलेली नाही. हे गवत दिसेनासं झालं की ती उतरेल, म्हणून माझी घाई. तुला ते ठाऊक आहे.

फोन करत नाही. बाजारात गेल्याशिवाय रेंज नाही, आणि रेंज मिळाली की आपलं भांडण होतं. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं.

राग आहे, माया त्याहून थोडी जास्त आहे, असं समजावे.

तुझा,
बाबा

*

ठाणे,
ता. ९ जुलै २०२४

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा आणि एका हातात फोन घेऊन ते यंत्र मागवलं होतं. खाली लोकांनी चांगलं चांगलं लिहिलं होतं, फोटोत बॅटरी लावलेलीच होती. फोटोत आहे म्हणजे खोक्यात आहे असं मी धरून चालले. चूक माझी, मान्य. पण एसटीभर माझं कौतुक करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

आज बॅटरी आणि चार्जर पाठवते आहे. दुसऱ्या कंपनीची स्वस्त मिळत होती, पण ती या यंत्रात बसतच नाही. प्रत्येकाची खाच वेगळी. म्हणून त्याच कंपनीची घेतली, आणि सगळ्यात मोठी घेतली, म्हणजे एका दमात अंगण उरकेल.

काही गोष्टी मात्र ऐका. ओल्या गवतात चालवू नका, चार तास उघाड पडली की मगच. गॉगल लावा. खाली जो प्लास्टिकचा गार्ड आहे तो काढू नका. तुम्ही शाळेत प्रयोगाच्या वेळी आम्हाला जेवढं ओरडायचात, तेवढ्याच आवाजात मी हे लिहिते आहे असं समजा.

आई फोनवर नीट बोलत नाही. कशी आहेस विचारलं की, ठीक आहे, तू काळजी करू नकोस, एवढंच. पाहुण्यांशी बोलावं तसं. मला ते आवडत नाही.

तुमचा राग चालेल, अबोला नको, एवढीच विनंती.

तुमची,
रुचिरा

*

खोडाळा,
ता. २४ जुलै २०२४

चि. रुचिरास बाबांचे अ. उ. आ.

बॅटरी आली. विटेएवढी आहे आणि विटेएवढीच जड. ती मागच्या टोकाला बसते, त्यामुळे यंत्राचं तोंड सारखं वर उठतं. दांडा दाबून धरावा लागतो. गवत कापतोय की म्हशीला पाणी पाजायला वाकवतोय, कळत नाही.

तीन दिवस वीज नव्हती. चौथ्या दिवशी आली ती मिणमिणती. चार्जरवरचा लाल दिवा हिरवा व्हायला तयार नाही. शेवटी अर्धीमुर्धी भरलेली बॅटरी घेऊन उतरलो. घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं चाललं. त्यातली चार मिनिटं टाकळ्यात गेली. नुसतं गवत असेल तर तोंडाशी फिरणारा तंगूस, ती नायलॉनची दोरी, छान कापतो, पण आपल्या अंगणात टाकळा बोटाएवढा जाड झाला आहे. त्याला तंगूस गुंडाळला की तुटतो, आत अडकतो, मग उलटं करून सोडवत बसायचं. चार तास उघाड म्हणतेस. खोडाळ्यात, आषाढात, चार तास?

मंगळू आवणीहून परतताना कुंपणाशी थांबला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला की गुरुजी, हे खातंय जास्त आणि काम करतंय कमी. त्याची बायको कमू तोंडाला पदर लावून हसत होती. मला इतका राग आला की यंत्र तिथेच टाकून आत आलो.

तुझ्या आईने चहा दिला, राहू द्या म्हणाली, कशाला त्रास करून घेता, मला इथे ओट्यावर बरं आहे. हेच मला सहन होत नाही.

अक्षर वाकडं आलं आहे. डोळ्यात कचरा गेलाय, बाकी विशेष नाही.

वैताग पत्रात सोडला आहे, तू मनात धरू नकोस.

तुझा,
बाबा

*

खोडाळा,
ता. २६ जुलै

चि. रुचिरा, आईचे खूप आशीर्वाद.

हे पत्र कमूच्या हाती पोस्टात देते आहे, ह्यांना माहीत नाही.

ह्यांनी तुला लिहिलं तसा डोळ्यात कचरा गेलेला नाही. तंगूस सारखा अडकतो म्हणून ह्यांनी तो गार्ड काढून ठेवला आणि गॉगल ओट्यावर राहिला. दगड उडून भुवईवर लागला. चार टाके पडले. अर्धा इंच खाली लागला असता तर डोळाच गेला असता. डॉक्टरांना सांगितलं की कपाटाचं दार लागलं. दवाखान्यातून येऊन पुन्हा यंत्र घेऊन उतरायला निघाले होते, मी हात धरून बसवलं.

आता माझं ऐक. तुम्ही दोघं महिनाभर माझ्यासाठी भांडता आहात. कोणतं यंत्र, किती मोठी बॅटरी, सगळी चर्चा झाली. मला एकाने विचारलं नाही. तुला वाटतं अंगण साफ झालं की मी उतरेन. ह्यांनी सगळं अंगण कापून दिलं तरी मी उतरणार नाही. कापलेल्या गवताखाली काय आहे ते मला कुठे दिसलं? दुसऱ्याने बघितलेल्या जमिनीवर माझा पाय टेकत नाही, बाई. रोज सकाळी पायरीपर्यंत जाते आणि मागे येते, हे ह्यांनाही माहीत नाही.

मला दहा गुंठे नकोत. पायरीपासून भाजीच्या मांडवापर्यंत तीन फूट रुंद वाट हवी, आणि ती मी कापणार. विळ्याने जमणार नाही, विळ्याला वाकून हात गवतात घालावा लागतो. उभ्याने, लांबून चालवता येईल असं काही असलं तर बघ. हे तुझ्या बाबांचं यंत्र काल उचलून पाहिलं, मला पेललं नाही.

रागावले असं वाटलं तर वाटू दे. तूच माझी आहेस म्हणून तुला लिहिलं.

तुझी आई

*

ठाणे,
ता. ५ ऑगस्ट २०२४

ती. आई व बाबांस शि. सा. न.

दोघांना एकच पत्र लिहिते आहे, लपवाछपवी पुरे झाली. बाबा, टाक्यांचं मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका आणि आईवर रागावू नका. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवून गार्ड काढलात! तुमच्यावर जेवढी चिडले तेवढीच स्वतःवर. आईला एकदाही विचारावंसं मला वाटलं नाही.

रविवारी इथल्या एका दुकानात गेले. दुकानदार बाईंनी पहिला प्रश्न केला की चालवणार कोण? मग उंची किती, नुसतं गवत आहे की जाड देठाचं, वीज किती वेळ असते. मी फोनवर इतके आकडे वाचले होते, पण यातलं एकही उत्तर मला पटकन देता येईना. त्यांनी चार यंत्रं माझ्या हातात दिली आणि प्रत्येक घेऊन दुकानात फेऱ्या मारायला लावल्या. पाच मिनिटांनी कुठलं मनगटाला नको होतं ते आपोआप कळलं.

जे घेतलं ते लहान आहे, दोन किलोच्या आसपास. दांडा आईच्या उंचीला कमी करता येतो. तंगुसाऐवजी छोटं प्लास्टिकचं पातं आहे, टाकळ्याला तेच बरं. मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान, एक यंत्रावर, एक चार्जरवर. खोकं आईच्या नावाने येईल. सोबत गमबूट आहेत, आईच्या मापाचे. बाबा, तुम्ही फक्त बॅटऱ्या भरून ठेवायच्या.

दोघांनी एकमेकांना सांभाळा, मग माझ्यावर हवं तेवढं चिडा.

तुमची,
रुचिरा

*

खोडाळा,
ता. २८ ऑगस्ट २०२४

चि. रुचिरास बाबांचे अ. उ. आ.

खोक्यावर सौ. कुसुमावती असं नाव पाहून धर्मेंद्रने मला दोनदा विचारलं की काकूंसाठी? मला वाईट वाटलं, लपवत नाही. वर्षभर मी तिच्यासाठी लढतोय असं मला वाटत होतं.

दोन दिवस ती यंत्र बंद ठेवूनच ओट्यावर इकडून तिकडे हलवत होती. सोमवारी सकाळपासून ऊन होतं. मंगळूची आवणी आटोपली आहे, त्याला तिनेच निरोप धाडला. तो काठी आपटत आधी पुढे जाऊन आला. ही बूट, गॉगल घालून शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि मला म्हणाली की तुम्ही वरच थांबायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही.

पायरीवरूनच तिने पुढचं हातभर गवत कापलं. बंद केलं. काठीने कापलेलं बाजूला सारलं, माती दिसली, तेव्हा एक पाऊल ठेवलं. मग पुढचं हातभर. जिथली माती दिसली तिथेच पाऊल. मला ओट्यावर घाम फुटला होता. अर्ध्या तासात अंगणाच्या मध्यावर गेली आणि बॅटरी संपली.

दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत आणि ती मधोमध उभी. मी दुसरी बॅटरी आणायला आत धावलो. चार्जरचा दिवा लागलेलाच नव्हता. सकाळी मी प्लग लावला, बटण दाबायचं विसरलो. एवढं एकच काम तू मला दिलं होतंस. बाहेर येऊन सांगितलं, आणि आता ती घाबरणार, तिथेच थिजणार, म्हणून हात धरून आणायला मी पायरी उतरलो.

रुचिरा, ती वळली आणि मला झाडलंच. एवढी विज्ञानाची पुस्तकं वाचलीत ती काय कामाची, एक बटण दाबता येत नाही, आता माझ्या तोंडाकडे काय बघता, जा, बटण दाबा आणि हिरवा दिवा लागल्याशिवाय बाहेर येऊ नका. मंगळू पलीकडे तोंड करून हसत होता. मी आत जाऊन बटण दाबलं. वर्षभर या घरात तिचा आवाज चढला नव्हता. प्रत्येक गोष्टीला बरं आहे, चालेल. चार्जरपाशी बसून मी बराच वेळ डोळे पुसत होतो.

बॅटरी भरेस्तोवर ती परत आली नाही. मंगळूने घमेलं पालथं घालून दिलं, त्यावर अंगणाच्या मधोमध बसली, त्याच्याशी भाताच्या रोपांच्या गोष्टी करत. मग उरलेली वाट कापून मांडवाशी पोहोचली. करटोलीचा वेल पार कुजून गेला आहे, वाफ्यात नुसता टाकळा. त्यावरून मला पुन्हा बोलणी बसली, की वर्षभर नुसतं गवत गवत करत होतात, एकदा येऊन वेलाला आधार द्यायला काय झालं होतं? आज सकाळी ती माझ्या आधी तिकडे गेली होती. वाफा उकरायला मला बोलावते आहे, म्हणून आवरतो.

येशील तेव्हा तुलाही बोलणी बसतील, तयारीने ये. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, हे लिहायची गरज नसली तरी लिहितो.

तुझा,
बाबा