तुझी टोपी माझ्याकडे आहे

प्रिय विंको,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून मोकळेपणी लिहिते. जग तुला परमपूज्य म्हणतं. मला ते जमायचं नाही. तुझं शेंबडं नाक मीच पुसलंय.

आईला माती द्यायला तू आला नाहीस, रोममध्ये तुझी बैठक होती. तेव्हापासून अकरा वर्षं मी अबोला धरला. पोप झालास तेव्हाही तुझा फोन उचलला नाही. पण गेल्या बुधवारी मी रोमला, तुझ्या चर्चसमोरच्या चौकात उभी होते.

ऊन दुधासारखं सांडलं होतं आणि तुझी पांढरी गाडी त्यातून तरंगत येत होती. लोक नवी पांढरी टोपी पुढे करतात, तू ती घालतोस आणि डोक्यावरची त्यांना देतोस, हे टीव्हीवर पाहिलं होतं. मीही एक शिवून आणली होती.

"घरी शिवलीत? दुकानातली आणायची हो," शेजारची बाई म्हणाली.

"त्याच्या डोक्याचं माप दुकानाला काय ठाऊक?"

रक्षकाने टोपी तुला दिली. तू अस्तर उलटून टाके पाहिलेस आणि गर्दीत कुणाला तरी शोधू लागलास. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले. माझ्या बुटांना नाडी नाही.

रक्षकाने तुझी टोपी माझ्या हातात ठेवली, तोवर गाडी पुढे गेली होती.

ती आता मांडीवर आहे. एका जागी उसवलेली, हाताने शिवलेली. दिमतीला एवढे शिंपी, मठातल्या एवढ्या सिस्टर. पण आईने आपल्या दोघांना शिकवलेला टाका मला ओळखू येतो.

अजून तिरकाच घालतोस.

तुझी ताई,
मार्येता