बिनआवाजाचा कॉम्प्युटर

समडोळी, ता. मिरज

प्रिय सम्मेद,

पुण्याला सुखरूप पोहोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. एक अंगठा पाठवून मोकळी झाले असते, पण दुखवट्याला आलेल्या माणसांसमोर, भूपालमामांच्या शेजारी बसून तू जे बोललास ते अजून घशात अडकून बसलंय. "अक्का एकदा कॉम्प्युटरम्होरं बसली की तिला जग ऐकू येत न्हाई. आईनं हाक मारली बी असंल, पण ऐकणार कोण?" मामांनी मान हलवली, बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि मी चहाचे कप उचलून आत गेले. मागून तुझं रडणंही ऐकलं, "आईला शेवटचं पाणी पाजायचं माझ्या नशिबात नव्हतं" म्हणून. चार माणसांत भांडण नको म्हणून गप्प बसले. मला तोंड नाही असा तुझा समज असेल तर तो काढून टाक. फोन केला असता, पण तू मध्येच 'एक मिनिट हं' म्हणून ठेवून दिला असतास.

माझा जुना कॉम्प्युटर तुला आठवत असेल. घरांचे थ्रीडी नकाशे करायचं माझं काम. चित्र तयार व्हायला लागलं की त्याचे पंखे मळणीयंत्रासारखे घोंघावायचे. शेजारच्या खोलीत आई. पॅरालिसिसनंतर तिचा आवाज किती बारीक झाला होता, हे तुला फोनवर कळलं असेल, निदान 'मोठ्यानं बोल ना आई' असं तू म्हणायचास ते मी ऐकलंय. आणि तिचा नेम तर तुला ठाऊकच आहे. दिवस बुडाला की पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात नाही, ते उजाडल्यावरच. म्हणून मावळतीचं शेवटचं पाणी म्हणजे तिच्या सगळ्या रात्रीचा आधार. ती हाक मारायची, "दिवस हाय का गं अजून?" मी हाय म्हटलं की प्यायची. एकदा उन्हाळ्यात ती हाका मारत राहिली आणि मशीन घोंघावत राहिलं. काम थांबवून मी गेले तोवर रस्त्यावरचे दिवे लागले होते. तांब्या पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं. "असू दे गं. सकाळी पिते." ओठ सुकून फुटले होते. मी तिला नाही नाही ते बोलले, तिच्या नेमाला बोलले, रडले. तिनं फक्त माझ्या हातावर थोपटलं.

दुसऱ्याच दिवशी मी सांगलीत इलियासभाईंच्या दुकानात गेले. म्हटलं, मला आवाज न करणारा कॉम्प्युटर जोडायचाय. ते हसले. "ताई, पोरं येत्यात ती पळणारा मागत्यात, न्हाईतर दिवं लागणारा. बिनआवाजाचा मागणाऱ्या तुमीच पयल्या." पुढं मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त नाद लागला. कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही आधी पाण्यानं गार होणारा कूलर बसवला, तर त्याच्या पंपाची गुडगुड सुरू झाली. आई म्हणाली, "कोण हुक्का वडतंय?" तो परत केला. मग भलामोठा धातूचा कूलर आणला, त्याच्यावर एकच रुंद पंखा, सावकाश फिरणारा. हार्ड डिस्कची किरकिर नको म्हणून सगळीकडं एसएसडी. कमी तापणारा प्रोसेसर घेतला, मग चित्राला दुप्पट वेळ लागला तरी चालेल म्हटलं. पॉवर सप्लाय असा, की कामाचा ताण नसला तर त्याचा पंखा बंदच राहतो. कॅबिनेट काचेचं नको म्हटलं, आतून फोम लावलेलं जाड पत्र्याचं शोधलं. तरीही कुठूनतरी बारीक थरथर यायची. शेवटी पंख्याच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या घातल्या. त्या दिवशी मी मशीन चालू ठेवून दार उघडं टाकलं, आणि आईनं कूस बदलताना खाट कुरकुरली ती मला खुर्चीत ऐकू आली. इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता.

तू इंजिनिअर म्हणून या कामात सगळ्यात आधी तुलाच फोन केला होता. कुठला कूलर घेऊ रे, हे विचारायला. तू काय म्हणालास? "अक्का, एवढं डोकं कशाला खपवतेस? हेडफोन घाल की." आणि नुसतं म्हणून थांबला नाहीस, कुरिअरनं पाठवलासही. बाहेरचा काडीमात्र आवाज आत येत नाही असला. त्या डब्याचं प्लास्टिकसुद्धा मी काढलेलं नाही, कपाटात आहे, पुढच्या खेपेला घेऊन जा. दिवाळीला आलास तेव्हा कॅबिनेटला कान लावून तुझ्या बायकोला म्हणालास, "अक्काचे लाड. हिला शांतता लागते." मला कशाला शांतता लागेल रे? मी रेडिओ लावून झोपणारी बाई. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण एवढं सांगावं लागतं याचाच मला राग आला होता.

परवा इलियासभाईंना बोलावून जुने पंखे परत बसवून घेतले. आता घरात घरघर असते. ते मला बरं वाटतं.

आता त्या दिवसाचं. सकाळी तुला फोन केला, आई काही घेईना झालीय, निघ. मीटिंग उरकून निघतो म्हणालास. दुपारी विचारलं तर साताऱ्याच्या अलीकडं घाटात अडकलास. मग साताऱ्यात चहाला थांबलास. आई दुपारपासून ग्लानीत होती. दोनदा उठवायला गेले, उठली नाही. मी मशीनपुढं बसले होते, दार उघडं होतं, काम चालू होतं. हो, चालू होतं. दिवस बुडाला, आणि त्यानंतर तिची हाक आली. हाक कसली, श्वासच तो. पण मी पहिलीच ऐकली.

तिनं माझं नाव घेतलं नाही. "सम्मेद, आलास व्हय?" म्हणाली. तिची कूस मी बदलायची, तिचं हागणंमुतणं मी काढायचं, आणि हाक तुझी. मला राग आला. तुझा आला, तिचाही आला, खोटं कशाला सांगू. मग ती म्हणाली, "लय तहान लागलीया. दिवस हाय का अजून?" खिडकीत काळोख होता. तिची नजर तिकडं पोचत नव्हती. मी जवळ गेले, आवाज जड केला, तुझ्यासारखा, आणि म्हणाले, "व्हय आई, आलोय मी. हाय अजून दिवस. पी." ती चमच्यानं पाणी प्यायली. माझा हात धरून म्हणाली, "दमला असशील बाळ. जेवून घे." नंतर ती बोलली नाही. तू दारात गाडी लावलीस तेव्हा तिला जाऊन बराच वेळ झाला होता.

तिचा जन्मभराचा नेम मी मोडला. तिला ठाऊक नव्हतं, तेव्हा तिला दोष नाही. जो काही असेल तो माझा, मी भोगीन. हे तुला कधीच सांगणार नव्हते. पण नशिबात नव्हतं म्हणून पुन्हा माणसांपुढं डोळे पुसू नकोस. शेवटचं पाणी तुझ्याच हातचं झालंय, तू साताऱ्यात चहा पीत असताना झालंय. आणि आईनं हाक मारली होती का, असं भूपालमामांनी किंवा आणखी कुणी विचारलं तर सांग, "मारली होती. माझ्या नावानं मारली होती, आणि अक्कानं ऐकली."

तुझीच,
अक्का
(प्रियदर्शनी)