गोड औषधाची बाटली

ता. ११ जानेवारी २०२५, सकाळचे सात. दवाखान्यात बाबांची दाढी करून लिहायला बसलो आहे.

प्रिय आई,
प्रभूमध्ये सलाम. गावात फोन लागत नाही, म्हणून दानियलमामांच्या हाती हे पत्र देतो. प्रिस्किला शाळेतून आली की वाचून दाखवील.

बाबांना आणले तेव्हा ते मला ओळखत नव्हते, विकलेल्या बैलांना हाका मारत होते. आपण बाहेरचे काही समजून पाळकांकडून प्रार्थना करून घेतली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर कडक झाले आहे, त्यामुळे पोटातले विष डोक्यात जाते. जुलाब होतात म्हणून आपण जे गोड औषध बंद केले, तेच त्यांनी पुन्हा दिले.

"अहो, जुलाब व्हावेत म्हणूनच देतो," नर्सबाई म्हणाल्या. "विष त्यातूनच निघतं."

आणि आई, पोट साफ झाले तसे बाबा परत आले! आज म्हणाले, "शमुवेल, मिशी ठेव रे. नाहीतर तुझी आई मला घरात घ्यायची नाही." मी मिशी तशीच ठेवली.

पोटात पाणी अजून आहे, पण घाबरू नकोस. दारू कायमची बंद, मीठ अगदी कमी. तू जेवतेस ना?

ती बाटली फेकली नसशील तर पुसून चर्चच्या कॅलेंडरखाली ठेव. आता ती रोज लागेल.

तुझा,
शमुवेल