शेवटापर्यंत बसायचं

सोमवार, ६ मार्च
ठरलं. शुक्रवारी संध्याकाळचा शो. मी, मुकादमीण आणि बाहुली. फक्त मैत्रिणी, नटूनथटून. घरचं शेपूट एकही नको. लिहिण्यावाचण्याशी माझं कधी जमलं नाही, म्हणून सून लिहून घेतेय, पण तिलाही नेणार नाही. तिचं तोंड उतरलंय. हे लिहीत नाही म्हणते. लिही.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिघींनी जन्म काढला. मोठ्या मशीनला चादरींचा लॉट लावायचा आणि मागच्या दाराने समोरच्या टॉकीजात पसार. लॉट निघायला आणि इंटरव्हल व्हायला एकच गाठ. दिवे लागले की उठायचं, पळायचं. त्यामुळे आमच्या हिशेबी अजून एकही हिरो तुरुंगातून सुटलेला नाही आणि एकाही पोरीचं लग्न लागलेलं नाही.

मुकादमीण रविवारी लेकाकडे चालली. लांब, आणि कायमची. म्हणाली, एकदा शेवट बघू दे गं बाई, मग खुशाल जाते. मी शब्द दिलाय.

मंगळवार, ७ मार्च
सोनेरी उंच टाचांच्या सॅंडल आणल्या. घरात सराव केला. दमणूक शून्य. भिंत धरली होती, पण ती उगीच, सोबतीला.

बुधवार, ८ मार्च
दिवसभर पडून. याला थकवा म्हणत नाहीत, दम राखून ठेवणं म्हणतात. सून म्हणाली, आई, घोटा सुजलाय, कॅनव्हासचे बूट घाला. घोटा कसला सुजतोय? सॅंडलच आखडलीय.

गुरुवार, ९ मार्च
बाहुली लिपस्टिक घेऊन आली. धुलाईखान्याच्या वाफेतसुद्धा हिच्या तोंडावरची पावडर हलायची नाही, तिथूनच हे नाव पडलं. दोघींनी लावून बघितली. मुकादमीण डोकावली आणि म्हणाली, वॉर्डातून पळून आलेल्या दिसताय. काहींना ग्लॅमर कळतच नाही, त्याला आपण काय करणार.

शुक्रवार, १० मार्च, दुपार
चमकीचा ड्रेस घातला. चेन अर्ध्यावर येऊन रुसली. वरून सुनेची शाल. पायात कॅनव्हासचे बूट. अंधारात पाय कोण बघतंय? दुपारी झोपणार नाही. दुपारची झोप म्हाताऱ्यांना लागते.

शनिवार, ११ मार्च, सकाळ
फत्ते! शब्द पाळला. डोळ्याला डोळा लागला नाही. दिवे लागले तशा तिघी एकदम उठलो, मी सगळ्यांच्या पुढे. बाकीची निम्मी माणसं खुर्चीतच बसलेली. लोकांना घरंदारं असतात की नाही कोण जाणे. टॅक्सीत मुकादमीण गप्प होती. भारावली असणार. माझा हात मात्र सोडला नाही तिने.

शेवट जरा अधांतरी वाटला. हिरॉइनचं पोर हरवतं, ती स्टेशनवर रडत बसते आणि खेळ खलास. हल्ली असलेच सिनेमे काढतात.

शनिवार, जरा वेळाने
सुनेने पेन खाली ठेवलं. म्हणाली, आई, पोर सापडतं. म्हटलं, कुठल्या सिनेमात? म्हणाली, ह्याच. इंटरव्हलनंतर. मी टीव्हीवर बघितलाय.

पाणी प्यायले.

बाहुलीला फोन लावला. ती म्हणाली, तू उठलीस म्हणून मी उठले. आणि मी उठले ती दिवे लागले म्हणून. म्हणजे चूक दिव्यांची.

काही बिघडलेलं नाही. आज संध्याकाळी पुन्हा तिघी जाऊ. मुकादमिणीला कारण सांगायचं नाही. सरप्राइज.

शनिवार, संध्याकाळ
मुकादमिणीच्या बॅगा भरायच्या राहिल्यात. बाहुलीची कंबर धरलीय. मी एकटी तयार होते. खुर्चीत बसून, डोळे मिटून, पुढचं ठरवत होते. डोळे उघडले तर शो अर्धा होऊन गेलेला. सुनेने उठवलं नाही. म्हणते, तुम्ही इतक्या गाढ ठरवत होता!

रविवार, १२ मार्च
मुकादमीण गेली. गाडीत बसता बसता कानाशी लागली. म्हणाली, इंटरव्हल आहे हे मला जिन्यातच कळलं होतं. पण तू अशा ऐटीत पुढे निघालीस की म्हटलं, चालू दे. आणि पायही बोलत होते गं माझे. आता असं कर, घरी बसून शेवट बघ आणि मला फोनवर सांग.

पुन्हा शब्द दिला. डोळ्यात काही गेलं होतं. बहुतेक बाहुलीची पावडर.

बुधवार, १५ मार्च
सुनेने उरलेला सिनेमा टीव्हीवर लावला. तीनदा लावावा लागला, टीव्हीत काहीतरी दोष आहे. तिसऱ्या खेपेला मी जवळजवळ सगळा बघितला. मधलं मधलं सुनेने सांगितलं.

मग फोन. मुकादमिणीला नीट, सावकाश सांगत गेले. हिरॉइन स्टेशनवरून उठते. टॅक्सीवाल्याला पोराची लाल टोपी आठवते. दोघं नदीवरच्या पुलापाशी येतात. पलीकडे धुकं, आणि धुक्यात काहीतरी लाल. मुकादमीण श्वास धरून ऐकत होती.

तेवढ्यात तिकडे तिच्या लेकाचं मशीन वाजलं.

म्हणाली, थांब गं, कपडे झाले, काढते. बाकीचं नंतर.

फोन ठेवला.

शेवट आता माझ्या एकटीजवळ आहे. तोही मधला थोडा सोडून.